घरी तर माहीत असेलच

किल्लीवाल्यानं किल्लीवर कानस मारता मारता, मान वर न करता विचारलं, "वहिनींचा रिपोर्ट आला का हो?" आणि किल्ली करून घ्यायला समोर उभा असलेला तो, अंधारात नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसा दचकला. कसला रिपोर्ट? कोण वहिनी? दुकान म्हणजे जिन्याखालची एक खबदाड, एक माणूस कसाबसा मांडी घालून बसेल एवढी, आणि भिंतभर नुसत्या किल्ल्या लटकलेल्या. क्षणभर त्याला वाटलं, हा आपल्याला दुसराच कुणी समजून बसलाय. पण तसं नव्हतं. किल्लीवाला त्याला 'शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंचे मिस्टर' म्हणून चांगला ओळखत होता, आणि या ओळखीनं दरवेळी त्याला जरा टोचायचंच. "यायचाय अजून," तो म्हणाला. एवढ्या वर्षांची नोकरी कामाला आली. समोरच्याला माहीत आहे आणि आपल्याला नाही, हे समोरच्याला कळू द्यायचं नसतं. "येईल हो," किल्लीवाला म्हणाला. "आणि घोर लावून घेऊ नका जिवाला. गाठ बहुतेक वेळा साधीच निघते. आम्ही सगळे नाव घेतोय प्रार्थनेत." मग फुंकर मारून त्यानं पितळेचा कीस उडवला, किल्ली उजेडात धरली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "दोनदा फिरवून बघा. अडली तर घेऊन या परत."

गाठ. ऑफिसच्या रस्त्याला लागल्यावर तो शब्द त्याच्याबरोबर चालायला लागला. कुठे गाठ? मानेला? काखेत? सकाळीच तर ती त्याच्यासमोर बसून चहा पीत होती, बोटांना निळा खडू लागलेला, कप धरताना कपालाही लागला होता. मान दिसत होती तिची. होती का मानेवर काही? त्याला आठवेना. कपावरचा निळा डाग आठवत होता आणि बायकोची मान आठवत नव्हती, याचा त्याला राग आला, आणि तो राग सवयीनं तिच्यावरच गेला. लपवते म्हणजे काय? आणि लपवून कुणाला सांगते, तर किल्लीवाल्याला! अरे, मी काय मेलोय? सिग्नलला तो थांबला, गाड्या थांबल्या, लोक ओलांडून गेले, पुन्हा गाड्या सुटल्या, आणि मागून एका बाईनं "जाताय का उभेच राहताय?" असं विचारेपर्यंत तो तिथेच उभा होता.

तो विमा कंपनीत होता. आजारपणाचे दावे तपासायचे, हे त्याचं काम. माणूस आजारी पडला, दवाखान्यात गेला, तिथून बरा होऊन किंवा न होऊन परतला, की त्याचा कागद याच्या टेबलावर यायचा, आणि याला त्यातून एकच गोष्ट काढायची असायची: दुखणं कधीपासून? विमा काढायच्या आधीपासून असेल तर दावा फेटाळायचा. माणसं खोटं बोलायची. चांगली, साधी, म्हातारी माणसं डोळ्यांत पाणी आणून खोटं बोलायची, आणि तो त्यांच्यासमोर बसून इकडचं तिकडचं बोलत बोलत त्यांच्या तोंडून खरं काढायचा. "पायऱ्या चढताना दम लागायचा का हो? नातवाच्या बारशाच्या वेळी? अच्छा, तेव्हाही!" झालं. ऑफिसात त्याचं नावच 'कधीपासून' पडलं होतं. "आले का कधीपासून साहेब?" असं लोक दाराआडून म्हणायचे, आणि त्याला ते माहीत होतं. माहीत असण्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. माहीत नसण्याचं वाईट वाटायचं.

आणि ते प्रार्थनामंडळ. फरशीच्या दुकानावरचा तो हॉल. बायको शाळेतल्या कुणाबरोबर तरी पहिल्यांदा गेली, मग दर रविवारी जायला लागली, आणि एक दिवस येऊन म्हणाली, "आज आमचं ब्लडप्रेशर बघितलं." तो हसला होता. "प्रार्थनेत ब्लडप्रेशर? देवाला कळत नाही होय आकडा सांगितल्याशिवाय?" ती हसली नव्हती. त्याच्या डोक्यात मात्र तेव्हापासून किडा वळवळत होता. लोक म्हणतात फुकट ते पौष्टिक. याचा अनुभव उलटा होता. फुकट तुमची नाडी कुणी धरत नाही. धरली तर त्याला त्या हातातून पुढे काहीतरी काढायचं असतं. आधी ब्लडप्रेशर, मग काढा, मग एखादा पोचलेला माणूस, मग 'औषधं थोडे दिवस बंद ठेवा, श्रद्धा ठेवा.' असे दावे त्यानं पाहिले होते. जिभेवरच्या जखमेवर मंतरलेलं पाणी लावत बसलेला एक ड्रायव्हर त्याला अजून आठवत होता. डॉक्टरकडे पोचला तेव्हा त्याला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं, बायको सांगत होती. आता या लोकांच्या हातात त्याची बायको होती, आणि तिच्या अंगात कुठेतरी गाठ होती. हे मात्र त्याला चांगलंच झोंबलं. टेबलावर बसून त्यानं तासभर एकही कागद उलटला नाही.

त्याचे वडील असेच गेले होते. म्हणजे आजारानं गेले, पण त्याच्या लेखी ते लपवण्यानं गेले. तो शाळेतून घरी आला तेव्हा दाराशी ओळखीच्या नसलेल्या चपला पडल्या होत्या, आत माणसं होती, आणि कोपऱ्यात वडिलांचा न्हावी डोळे पुसत कुणाला तरी सांगत होता, "मला म्हणाले होते हो, पोटात आग आग होते म्हणून. खुर्चीत बसून सगळं सांगायचे." न्हाव्याला माहीत! आई भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर दुःखाच्या आधी जे होतं ते त्या वयातही त्यानं ओळखलं: तिला अपमान वाटत होता. नंतर पुढे कितीतरी वर्षं ती मधूनच, भाजी निवडता निवडता म्हणायची, "न्हाव्याला सांगितलं, मला नाही." मुलानं तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं असावं की आपण असं कधी, सगळ्यांच्या शेवटी, दारातल्या चपलांवरून कळून घ्यायचं नाही. आणि आज न्हाव्याच्या जागी किल्लीवाला आला होता, बस्स, एवढाच फरक.

संध्याकाळी घरी बायको जमिनीवर बसून मुलांच्या चित्रांना पुठ्ठे चिकटवत होती. त्यानं नेहमीसारखे बूट काढले, नेहमीसारखं पाणी प्यायला आणि मग गळ टाकला. "किल्ली करून आणली. तुमचा तो किल्लीवाला फार बोलतो बुवा." ती म्हणाली, "बोलतो खरा. पण मनाचा चांगला आहे." "तुझी चौकशी करत होता." तिची कात्री थांबली नाही. हे त्यानं नीट पाहिलं. पण कात्री कापायच्या रेघेवरून किंचित सुटली आणि पुठ्ठ्याचा कोपरा वाकडा गेला. "करतो सगळ्यांची," ती म्हणाली. त्यानं तिची मान पाहिली, काखेकडे पाहिलं, तिनं पदर सारखा केला. लग्न इतकं जुनं झालेलं, आणि तो बायकोकडे चोरून पाहत होता! सरळ विचारायला काय झालं होतं? झालं होतं काहीतरी खरं. मागं एकदा ती जिन्यावरून पडली होती, घोटा सुजून टम्म झालेला, आणि ती पायरीवर बसून कळवळत असताना यानं विचारलं होतं, "कितव्या पायरीवरून? कठडा धरला नव्हतास? या चपला घसरतात हे तुला माहीत नव्हतं?" ती रडता रडता उत्तरं देत होती. तिसऱ्या की चौथ्या उत्तराला ती रडायची थांबली आणि शेजारणीला हाक मारून तिच्या खांद्यावर हात टाकून डॉक्टरकडे गेली. त्याला वाटलं होतं, रागावली असेल. नंतर ती कधी त्याबद्दल बोलली नाही, तोही विसरला. आता पुठ्ठ्याचा वाकडा कोपरा बघताना त्याला ते उगाच आठवलं, आणि आठवायला नको होतं असं वाटलं.

ती अंघोळीला गेल्यावर त्यानं तिची पिशवी उघडली. हो, उघडली, त्याला लाज वाटली नाही, निदान तेव्हा नाही. खडूंचा डबा, रुमाल, बसचे पास, आणि तळाशी एक मऊ, गोल, अंगाच्या रंगाची कापडी उशी, मुठीत मावेल एवढी. कापूस भरलेली, टाके अगदी बारीक, सुबक. दाबली तर आत काहीतरी कडक लागलं. एकच, छोटं, बोटाखालून निसटणारं. ताईत? कापसात शिवून कुणी काय दिलं हिला, आणि ही उशाशी घेऊन झोपते की काय? बाथरूममधलं पाणी थांबलं. त्यानं ती उशी खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात, शेजारच्या टेबलावरचा जाडा जेवायला गेल्यावर, त्यानं कागद कापायच्या ब्लेडनं ती सरळ चिरली. कापूस बाहेर आला, आणि कापसातून टेबलावर टणकन एक वाटाणा पडला. सुका वाटाणा. त्यानं तो उजेडात धरला, नखानं खरवडला, वास घेतला, चक्क दातांनी चावून पाहिला. वाटाणाच होता. लिहिलेलं काही नाही, राख नाही, केस नाही. दुसऱ्या कुणी सुटकेचा श्वास टाकला असता. त्याचा संशय मात्र दुप्पट झाला. ज्याचा अर्थ लागत नाही ते साधं कसं असेल?

रविवारी ती निघाली आणि थोड्या अंतरानं तोही निघाला. फरशीच्या दुकानाच्या बाजूनं वर जिना होता, भिंतीला नमुन्याच्या फरश्या उभ्या करून ठेवलेल्या. वरून गाणं ऐकू येत होतं. बरं नव्हतं गाणं. निम्मे बेसूर होते आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. तो शेवटच्या रांगेत भिंतीजवळ बसला. त्यानं मनात जमवून ठेवलं होतं की कुठेतरी दानपेटी असेल, फोटो असेल, फुलांनी मढवलेला कुणी गुरू असेल. तसं काहीच दिसेना, म्हणून त्याला ते जास्तच धूर्त वाटलं. गाणं संपलं. मग सगळे गप्प बसले. मग एक एक जण उभा राहून आजारी माणसांची नावं घ्यायला लागला, आणि मधल्या रांगेतून कुणीतरी "आपल्या चित्रकलेच्या बाई" म्हणालं, तेव्हा साऱ्या हॉलनं एक श्वास घेतल्यासारखं त्याला वाटलं, आणि त्या श्वासात फक्त तोच सामील नव्हता. मत्सर वाटला त्याला. बायकोच्या गाठीत इतक्या लोकांचा वाटा होता आणि त्याचा नव्हता.

पुढे एक पांढऱ्या केसांची, सरळ पाठीची बाई उठली. ही कधीकाळी इस्पितळात नर्स होती आणि सगळे तिला सिस्टर म्हणायचे. तिनं टाळी वाजवली. "चला, खुर्च्या फिरवा!" खरखर, धडधड, साऱ्या खुर्च्या फिरल्या, आणि लोक दोघं दोघं समोरासमोर बसले. ब्लडप्रेशरचं यंत्र या जोडीकडून त्या जोडीकडे जायला लागलं. कुणी कुणाच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून बघत होतं, कुणी "गोळ्या आणल्या का दाखव" म्हणत होतं. बायका पडद्याआड गेल्या. तो सटकायच्या बेतात होता, तेवढ्यात किल्लीवाल्यानं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. "अरे वा, आलात! बसा माझ्यासमोर. माझा सोबती आज आला नाही. बूट काढा." "कशाला?" "काढा हो. मोज्यांसकट." आणि त्या माणसानं, ज्याला तो अजून नुसता दुकानदार समजत होता, त्याचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, अंगठ्यापासून एकेक बोट फाकवून त्यातली कातडी पाहिली, टाच दाबली. कानस मारून मारून किल्लीवाल्याची बोटं खरबरीत झालेली होती आणि पकड हलकी होती. त्याच्या पायाला असा हात कुणी लावून किती काळ झाला असेल! त्याला गुदगुल्या झाल्या, मग ते बरं वाटायला लागलं, तसा तो सावध झाला. असंच करतात हे लोक, त्यानं स्वतःला बजावलं.

"माझा भाऊ यायचा इथे," किल्लीवाला पायाशी बोलावं तसा बोलत होता. "तिथे बसायचा, खिडकीशी. साखरेचा आजार. पायाला जखम झाली, ती सडली, आणि हा बूट घालून दर रविवारी येऊन गायचा. आम्ही सगळे पुढे तोंड करून बसायचो ना तेव्हा. पाठच दिसायची माणसाची. वास यायचा, तर आम्हाला वाटायचं खालच्या गटाराचा. मी सख्खा भाऊ, एका घरात राहणारा, मलापण तेच वाटलं. तो गेला आणि मग सिस्टर म्हणाल्या, खुर्च्या फिरवा. आणि घरच्याला घरच्यासमोर बसवायचं नाही. घरचं माणूस बघत नाही, धरून चालतं." त्यानं दुसरा पाय घेतला. गोष्ट खरी असावी. पण फार नीट सांगितलेली गोष्ट त्याला नेहमीच पढवलेली वाटायची, आणि ही नीट होती. सिस्टर यंत्र घेऊन आली, त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. तो म्हणाला, "यातून तुम्हाला काय मिळतं?" "मला?" ती म्हणाली, "गुडघेदुखी. जिना बघितलात ना?" "आणि प्रार्थनेनं आजार बरे होतात, असं तुम्ही सांगता लोकांना?" तिनं फुगा दाबायचं थांबवलं. "प्रार्थना इथे, तपासणी दवाखान्यात. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. मागे एक जण पाणी भारून द्यायला लागला होता, त्याला या जिन्यावरून मीच खाली पाठवला. गप्प बसा आता, नाहीतर तुमचं प्रेशर चुकीचं येईल."

प्रेशर जास्त आलं. तिनं पुन्हा एकदा घेतलं, पुन्हा जास्त. "उद्या डॉक्टरला दाखवा," एवढंच. कधीपासून, तिनं विचारलं नाही. त्याला ते चमत्कारिक वाटलं. "तुम्ही विचारत नाही? केव्हापासून, का लपवलं, आधी का नाही आलात?" "कशाला?" किल्लीवाला म्हणाला. "सोबत्यानं विचारायचं नसतं. काय करायचं ते ठरवायचं आणि बरोबर जायचं. जाब द्यायला लागला की माणूस परत सांगत नाही." मग त्याला धीर निघेना. इतके दिवस दाबून धरलेलं तोंडातून सुटलं. "पण गावभर सांगत फिरायला हरकत नाही तुमच्यात, नाही का? माझ्या बायकोची गाठ मला तुमच्या दुकानात कळली!" किल्लीवाल्याच्या हातातून मोजा पडला. "म्हणजे?" "म्हणजे मला माहीत नव्हतं." किल्लीवाला सिस्टरकडे बघायला लागला, सिस्टर किल्लीवाल्याकडे. "मला वाटलं..." तो बिचारा म्हणाला, "घरी तर माहीत असेलच." याला वाटलं, सापडले. रंगेहाथ सापडले. पण सिस्टर शांतपणे म्हणाली, "चुकलंच आमचं. ज्याचं त्यानं सांगायचं, हा इथला नियम आहे, आणि तो मोडला. पण खरं सांगू का? इथे घरच्यांच्या आधी कुणी सांगत नाही. घरी कळतं, मग इथे येतं. तुमची बायको पहिलीच." त्याला वाटलं होतं ते समाधान आलंच नाही. त्यानं मोजा उचलला आणि उलटाच पायात घातला.

पडदा बाजूला झाला आणि बायका बाहेर आल्या. सगळ्यात पुढे शिंपीणबाई, बायकोची सोबतीण. आडव्या अंगाची, पदराला टाचण्या टोचलेल्या. तिच्या हातात ताट होतं आणि ताटात अंगाच्या रंगाच्या गोल कापडी उशा. "एक कमी आहे गं," ती मागे वळून कुणाला तरी म्हणत होती. त्याचा हात आपसूक खिशावर गेला; चिरलेली उशी तो तेव्हापासून खिशातच घेऊन फिरत होता. ते तिनं पाहिलं. शिवणकाम करणाऱ्या बाईची नजर, तिला खिशातला फुगवटा दिसला नसता तर नवल. त्यानं उशी काढून दिली. "फाटली," तो म्हणाला. शिंपीणबाईनं बोट फिरवलं. "फाटली नाही, चिरलीय. ब्लेडनं." मग त्याच्या तोंडाकडे पाहून तिला हसू फुटलं. "करणी वाटली की काय? अहो भाऊ, वाटाणा असतो आत. मीच शिवते. बायकांना लाज वाटते, बोटांना काय शोधायचं ते कळत नाही. मग आधी यात शोधायचं. सापडलं की घरी जाऊन स्वतःची छाती तपासायची." तिचं हसू मध्येच थांबलं. "तुमच्या बायकोला असंच सापडलं." तिच्या मागे बायको उभी होती. तिनं चिरलेली उशी पाहिली, त्याच्याकडे पाहिलं. ती रागावली नाही. हे असंच होणार हे तिला माहीतच होतं, असं तिचं तोंड होतं, आणि त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी जाताना अर्धा रस्ता ती दोन पावलं पुढेच चालत होती. मग तीच म्हणाली, अगदी बाजारहाट सांगावा तशी, "डाव्या बाजूला आहे. सुई घालून तपासलंय. उद्या डॉक्टर सांगणार. शिंपीणबाई येतेय." "मी येतो," तो म्हणाला. ती थांबली. "यायचंय की तपासायचंय?" "अगं, असं काय बोलतेस! मी नवरा आहे तुझा. मला आधी कळायला नको? मला सांग, हे केव्हा..." आणि तो थांबला, पण शब्द बाहेर पडून गेला होता. दोघांनाही तो ऐकू आला. "बघा," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणासुद्धा नव्हता. थोडं चालल्यावर ती म्हणाली, "या. पण बाहेर बसायचं." रात्री तिच्या शेजारी पडून तो अंधारात डोळे उघडे ठेवून होता. तिचा श्वास ऐकत होता. ती झोपलीय की झोपल्याचं सोंग घेतेय, हे त्याला ओळखता येईना, आणि आपल्याला भीती वाटतेय, नुसती भीती, तिच्याशिवाय या घरात राहायची, हे त्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्पष्ट कळलं. संशय होता तोवर निदान हाताला काहीतरी काम होतं.

दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीच्या दारावर पाटी होती: रुग्णासोबत एकच. बायकोनं मागे वळूनही न पाहता शिंपीणबाईचा हात धरला आणि दोघी आत गेल्या. तो बाकावर बसला. शेजारी एक म्हातारा डोळे मिटून बसला होता. दार जाड होतं. तरी तो कान देऊन ऐकत राहिला. डॉक्टरांचा आवाज, मग काही नाही, मग पुन्हा डॉक्टरांचा आवाज, मग बायकोचं काहीतरी, एकच वाक्य. हसली का ती? की ते रडणं होतं? माझ्याबद्दल बोलतेय का? म्हणत असेल, बाहेर बसवलाय. त्यानं उठून दाराजवळ जायचं ठरवलं आणि उठला नाही. डॉक्टर बाहेर आले, घाईघाईनं दुसऱ्या खोलीत गेले, त्यांच्या चेहऱ्यावर काही वाचता आलं नाही. मग दार पुन्हा उघडलं आणि शिंपीणबाई आली. "जा आत, भाऊ. तुम्हाला बोलावतेय." साऱ्या आयुष्याची सवय, त्यानं आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, डोळे ओले आहेत का, ओठ घट्ट आहेत का, म्हणजे आत जाण्याआधी आपल्याला कळलेलं असेल. मग त्याला वाटलं, नको. नको कळायला. त्यानं मान खाली घातली आणि तिच्या बाजूनं आत गेला.

बायको तपासायच्या पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. "बसा," ती म्हणाली. तो स्टुलावर बसला. "काढावी लागणार आहे. साधी नाहीये. पण डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात." तिनं थोडा वेळ वाट पाहिली, प्रश्नाची. प्रश्न आला नाही तेव्हा ती स्वतःच, भिंतीवरच्या हात धुण्याच्या चित्राकडे पाहत, सांगायला लागली. "इमारतीची टाकी धुतली ना, त्या सकाळी. अंघोळ करताना हाताला लागली. मला वाटलं, वाटाणाच बोटाला चिकटलाय. हसूच आलं मला आधी."

टाकी धुतली त्या सकाळी पाणी नव्हतं. दुपारपर्यंत नळाला थेंब आला नव्हता. तो स्वतः पारोसा ऑफिसला गेला होता, जाडा त्याला चिडवत होता. म्हणजे तेव्हा नाही. म्हणजे त्याच्या आधी, किंवा नंतर, आणि ती आत्ताही, इथेही, त्याला खरं सांगत नव्हती, किंवा विसरली होती, किंवा घाबरून तिचे दिवस एकमेकांत मिसळले होते. वाक्य त्याच्या जिभेवर पूर्ण तयार होतं. पलंगाच्या कडेला तिची बोटं चादर घट्ट धरून होती, नखांत हिरवा खडू होता. त्यानं ते वाक्य गिळलं. फार अवघड गेलं ते त्याला.

"मग?" तो म्हणाला.

तिनं संशयानं त्याच्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग पुढचं सांगायला लागली.